फुकट वस्तू, विकतचा अभिप्राय

ऑनलाइन मागवलेल्या इअरफोनचं खोकं उघडावं, तर चार्जिंगची वायर आणि वॉरंटीच्या कागदासोबत एक चकचकीत कार्ड हाती लागतं. ‘पाच स्टार द्या, त्याचा स्क्रीनशॉट या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवा आणि शंभर रुपये परत मिळवा.’ इअरफोन बरे वाजत असतात, स्टार द्यायला अर्धं मिनिट लागतं आणि शंभर रुपये आयते मिळतात. विक्रेता खूश, घेणारा खूश. नुकसान होतं ते तिसऱ्याच माणसाचं. उद्या तो तेच पान उघडतो, ते स्टार पाहतो आणि विश्वास ठेवून पैसे भरतो. त्या स्टारमागे शंभर रुपये आहेत, हे त्याला कुणीच सांगितलेलं नसतं.

हे प्रकरण त्या तिसऱ्या माणसासाठी आहे.

वस्तू फुकट घेऊन तिच्याबद्दल लिहिणं मुळातच वाईट, असं म्हणता येत नाही. मराठी नियतकालिकांत ‘साभार पोच’ हे सदर पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. प्रकाशक ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का मारून पुस्तकं पाठवतात, आणि परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात अशी सूचना कित्येक मासिकं छापतात. त्यातली एक परीक्षकाकडे जाते आणि त्याच्याकडेच राहते. याला कुणी लाच म्हटलं नाही. कारण पुस्तक प्रकाशकाकडून आलंय हे वाचकाला ठाऊक असतं, परीक्षणाखाली परीक्षकाचं नाव असतं, त्याचं मानधन मासिक देतं, आणि परीक्षण कडक झालं म्हणून प्रकाशक पुस्तक परत मागू शकत नाही. तिथेही भीड असते, ओळखीपाळखी असतात. तरीही वाईट लिहिणाऱ्याचं तिथे काही बिघडत नाही.

फुकट वस्तूंच्या सगळ्या व्यवहाराला मी हीच कसोटी लावतो: वाईट लिहिणाऱ्याचं पुढे काय होतं? वस्तू मोफत होती की अर्ध्या किमतीत, पैसे आधी मिळाले की नंतर, हे त्यामानाने दुय्यम. वाईट लिहिलं तर पैसे अडकणार असतील किंवा पुढची वस्तू बंद होणार असेल, तर तो अभिप्राय विकत घेतलेला आहे, मग लिहिणारा कितीही सज्जन असो.

अ‍ॅमेझॉनने १९९५मध्ये पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि वाचकांना स्वतःचं मत लिहायची मोकळीक दिली. वाईट मतंही पानावर तशीच राहत. तेव्हा हे धाडस होतं. तुमचा धंदा पुस्तकं विकण्याचा आहे, मग गिऱ्हाइकाला परतवून लावणारी मतं का छापता, अशी तक्रार करणारं पत्र एका प्रकाशकाकडून आलं होतं, असं अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांनी पुढे सांगितलं आहे. आपण विकून नव्हे, तर लोकांना खरेदीचा निर्णय घ्यायला मदत करून पैसे मिळवतो, असं त्यावर त्यांचं उत्तर होतं.

पण जिथे मताला वजन येतं, तिथे ते वाकवणारेही येतात. फेब्रुवारी २००४मध्ये अ‍ॅमेझॉनच्या कॅनडातल्या साइटवर एक तांत्रिक चूक झाली आणि टोपणनावाने लिहिणाऱ्यांची खरी नावं काही दिवस दिसू लागली. काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांची तारीफ करत होते, हे जगाला त्यातून कळलं. वजन तरी किती? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकल लुका यांनी सिअ‍ॅटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला, तेव्हा ‘येल्प’ या अभिप्रायांच्या साइटवरचं मानांकन एका स्टारने वाढलं की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं आढळलं. इतक्या फायद्यासाठी दहा-वीस वस्तू फुकट वाटायला कुणाची ना असणार?

२००७मध्ये अ‍ॅमेझॉनने यावर स्वतःच एक वाट काढली. तिचं नाव ‘वाइन’. ज्यांचे अभिप्राय इतर ग्राहकांना उपयोगी वाटले आहेत, अशा लोकांना कंपनी निमंत्रण देते. विक्रेता नव्या वस्तूचे काही नग, जास्तीत जास्त ३०, या योजनेत देतो. निमंत्रित सभासद यादीतून आपल्याला हवी ती वस्तू निवडतो, वापरतो आणि लिहितो. विक्रेता त्याच्याशी संपर्क साधू शकत नाही, कुणाला वस्तू द्यायची हे ठरवू शकत नाही, आणि एक स्टार मिळाला तरी त्याला काही करता येत नाही. सभासदाने ठरावीक प्रमाणात लिहिलंच पाहिजे ही अट आहे, चांगलं लिहिलं पाहिजे ही नाही. अभिप्रायावर ‘मोफत वस्तू’ अशी खूण असते. शिवाय अमेरिकेत अशा वस्तूची किंमत सभासदाचं उत्पन्न धरली जाते, त्यामुळे वर्षाखेरीला त्याला तिच्यावर कर भरावा लागतो. तिथली फुकट वस्तू अगदी फुकटही नसते.

वाईट लिहिणारा या योजनेत टिकतो. म्हणून मला ती, दोष धरूनही, मान्य होण्याजोगी वाटते.

दुसरा मार्ग मात्र विक्रेत्यांनी स्वतःच काढला. त्यांनी आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या मंडळ्यांनी लोकांना थेट सवलतीचे कोड वाटायला सुरुवात केली. वस्तू फुकट किंवा नाममात्र किमतीत घ्यायची, अभिप्राय लिहायचा आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य जोडायचं: ‘ही वस्तू मला निष्पक्ष अभिप्रायाच्या बदल्यात मिळाली आहे.’ नियमांत हे बसत होतं, पण कोड कुणाला पाठवायचा हे विक्रेता ठरवत होता, आणि सडेतोड लिहिणाऱ्याला पुढचा कोड पाठवायची त्याला काहीच गरज नव्हती. सप्टेंबर २०१६मध्ये ‘रिव्ह्यूमेटा’ या अभिप्राय तपासणाऱ्या संस्थेने सुमारे ७० लाख अभिप्रायांचं विश्लेषण प्रसिद्ध केलं. बदल्यात काही घेऊन लिहिलेल्यांची सरासरी ४.७४ स्टार होती, इतरांची ४.३६.

हा फरक दिसायला किरकोळ आहे. पण ऑनलाइन बाजारात बहुतेक वस्तू चार ते पाच स्टारच्या अरुंद पट्टीतच दाटीवाटीने उभ्या असतात. तिथे ०.३८ म्हणजे मधल्या रांगेतली वस्तू उचलून अगदी पुढच्या रांगेत नेऊन ठेवणं. लोक मात्र शेवटच्या ओळीतला ‘निष्पक्ष’ हा शब्द वाचून निर्धास्त होत होते. ३ ऑक्टोबर २०१६ रोजी अ‍ॅमेझॉनने वाइन सोडून असे सगळे सौदे बंद केले. पुस्तकांच्या आगाऊ प्रती वाटायची जुनी रीत मात्र चालू ठेवली.

या आकड्यांमागे बहुसंख्य माणसं खोटारडी नव्हती, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्याचं घेतलं त्याचं ऋण मनावर राहतं. खाल्ल्या मिठाला जागणं हा आपल्याकडे सद्गुण मानला जातो आणि तो आहेच. याच सद्गुणाचा इथे वापर करून घेतला जातो. मानसशास्त्रज्ञ डेनिस रीगन यांनी १९७१मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोगातला एक जण, जो खरं तर संशोधकांचाच माणूस होता, मध्येच बाहेर जाऊन येताना दुसऱ्यासाठी न मागता कोका-कोलाची बाटली आणायचा. नंतर तो सोडतीची तिकिटं विकायला लागला, तेव्हा कोला मिळालेल्यांनी न मिळालेल्यांच्या सुमारे दुप्पट तिकिटं घेतली. तो माणूस आवडला की नाही, याचाही फारसा फरक पडला नाही. डॉक्टरांचंही तेच. २०१६मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, औषध कंपनीकडून २० डॉलरपेक्षा स्वस्त असं एखादं जेवण घेतलेले डॉक्टरही त्या कंपनीचं महागडं औषध जास्त वेळा लिहून देताना दिसले. जेवणामुळेच असं झालं, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण ‘एका जेवणाने मी कशाला बदलेन’ असं म्हणणाऱ्याने थांबून विचार करावा, इतकं ते पुरेसं आहे.

मनाचा हा मिंधेपणा एक वेळ दूर ठेवता आला, तरी किंमत उरते. वस्तू चांगली आहे का, या प्रश्नाला बाजारात स्वतंत्र अर्थ नसतो. चार हजारांत ती चांगली आहे का, हा खरा प्रश्न असतो. ज्याने चार हजार मोजले नाहीत त्याला हे शब्दांत लिहिता येईल, पण ते त्याला जाणवलेलं नसतं. पदरचे पैसे घालून घेतलेल्या मिक्सरचा आवाज कानाला खुपतो, झाकण नीट बसत नाही याचा राग येतो. तोच मिक्सर भेट आला की आपण झाकण हाताने दाबून धरतो आणि पुढे जातो. वेळेचंही तसंच आहे. फुकट वस्तूवर लवकर लिहायचं असतं, आणि मिक्सर कसा आहे हे पहिल्या आठवड्यात कळतच नाही. जारचा कपलर झिजला का, मोटर तापून बंद पडते का, सर्व्हिस सेंटरवाला फोन उचलतो का, हे वर्षभराने समजतं. तोवर पहिल्या आठवड्यातल्या अभिप्रायांनी विक्रीचं काम उरकलेलं असतं.

२०१६च्या बंदीने हा व्यवहार संपला नाही, फक्त दिसेनासा झाला. फेसबुकवर बंदिस्त गट निघाले. अमेरिकेतले शेरी ही, ब्रेट हॉलेनबेक आणि डेव्हिड प्रोसर्पिओ या संशोधकांनी या गटांवर नजर ठेवून सुमारे दीड हजार वस्तूंचा माग काढला. त्यांनी वर्णन केलेली पद्धत साधी आहे. ग्राहकाने वस्तू पूर्ण किमतीला विकत घ्यायची, म्हणजे अभिप्रायावर ‘व्हेरिफाइड पर्चेस’ ही खूण येते. पाच स्टार द्यायचे, मग विक्रेता पेपालने सगळे पैसे परत करतो. कुठेही ‘मोफत’ असा उल्लेख नाही. मानांकन आणि विक्री काही आठवडे चढते. पुढे खरेदी केलेले अभिप्राय थांबले की एका स्टारचे अभिप्राय वाढू लागतात, कारण आता त्या पाच स्टारवर विसंबून पैसे भरलेली माणसं बोलू लागलेली असतात. प्रकरणाच्या सुरुवातीचा तिसरा माणूस इथे प्रथमच तोंड उघडतो, पण त्याचे पैसे गेल्यानंतर.

खरेदीची खूण म्हणजे सचोटीची खूण, असं आपण धरून चालतो. या पद्धतीत ती खूणच फसवणुकीचं हत्यार बनते. २०२१मध्ये अ‍ॅमेझॉनने सुमारे ६०० चिनी ब्रँड हटवले. त्यांत पॉवर बँक आणि चार्जरमधली जगभर खपणारी नावं होती. जुलै २०२२मध्ये कंपनीने दहा हजारांहून जास्त फेसबुक गटांच्या चालकांवर खटला भरला. त्यांतल्या एकाच गटात ४३ हजारांहून अधिक सदस्य होते.

भारतात हाच उद्योग टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. विक्रेता आणि ग्राहक यांच्यामध्ये ‘मीडिएटर’ म्हणवणारा दलाल असतो. तो वस्तूंची यादी टाकतो. घेणाऱ्याने स्वतःच्या पैशाने ऑर्डर द्यायची, ऑर्डरचा स्क्रीनशॉट पाठवायचा, अभिप्राय झळकला की त्याची लिंक रिफंडच्या फॉर्ममध्ये भरायची आणि वाट पाहायची. वस्तू परत करायची मुदत उलटेपर्यंत बहुधा पैसे येत नाहीत. पैसे आलेच नाहीत तर तक्रार कुणाकडे करणार? सौदाच चोरीचा असल्यामुळे पावती नाही, करार नाही, आणि दलालाचं खरं नावही ठाऊक नाही. कॉलेजची मुलं, घरी बसून थोडी कमाई शोधणाऱ्या स्त्रिया, नोकरी गेलेली माणसं यात येतात. त्यांना दोष द्यायची माझी तयारी नाही, पण सगळी जोखीम त्यांच्याच डोक्यावर असते हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

याच ओळखीच्या वाटेवर आता सरळसरळ दरोडा घातला जातो. ‘गुगल मॅपवर हॉटेलला रेटिंग द्या, घरबसल्या कमवा’ असा निरोप येतो. पहिल्या काही रेटिंगचे थोडे पैसे खरोखर खात्यात जमा होतात. मग ‘प्रीपेड टास्क’ सुरू होतात: आधी पाच हजार भरा, साडेसहा मिळतील, मग पन्नास हजार. पडद्यावर नफा वाढताना दिसतो, काढायला गेलं की आणखी रक्कम मागतात. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत ‘टास्क फ्रॉड’ या नावाने येणाऱ्या बातम्या याच. त्यात लाखो रुपये गमावलेली शिकलेली, नोकरदार माणसं आहेत. असं काही झालं तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, कारण पैसे वाटेतच अडवता येतील ते सुरुवातीलाच.

कायदा यात उशिरा आला, पण आला. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ब्लॉगवाल्यांनाही फुकट वस्तू मिळाल्याचं जाहीर करायला २००९च्या मार्गदर्शक सूचनांतच सांगितलं होतं. २१ ऑक्टोबर २०२४पासून तिथे खोट्या अभिप्रायांविरुद्धचा स्वतंत्र नियमच लागू झाला. चांगलंच किंवा वाईटच लिहिण्याच्या अटीवर काहीही देणं त्याने बेकायदा ठरवलं. ब्रिटनमध्ये खोट्या अभिप्रायांवरची बंदी एप्रिल २०२५मध्ये अमलात आली. जपानने छुप्या जाहिरातींवर ऑक्टोबर २०२३मध्ये बंदी घातली, आणि त्याखालची पहिली कारवाई झाली ती एका दवाखान्यावर. चांगलं रेटिंग देणाऱ्या पेशंटला तो फ्लूच्या लशीत सवलत देत होता.

भारतात नियम बरेच आहेत आणि ते लोकांना ठाऊक नाहीत. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून स्वतःच्या मालावर अभिप्राय लिहिणं निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. विकत घेतलेले किंवा त्यासाठी नेमलेल्या माणसांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय प्रसिद्ध करू नयेत, असं ते सांगतं. पण ते आलं ते ऐच्छिक म्हणून, आणि ज्याच्या पानावर खोटे अभिप्राय विक्री वाढवतात त्याच्याच मर्जीवर ते पाळायचं की नाही हे सोडणं मला पटत नाही. जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारने इन्स्टाग्राम-यूट्यूबवरच्या प्रभावकांसाठी सूचना काढल्या. फुकट मिळालेली वस्तू, अगदी न मागता आलेलीसुद्धा, जाहीर करायची आहे, तीही सहज दिसेल अशा जागी आणि साध्या भाषेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. मुंबईतल्या ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल’नेही २०२१पासून असेच नियम घालून दिले आहेत. आयकर खात्याचं स्पष्टीकरण तर मला सगळ्यांत नेमकं वाटतं. १ जुलै २०२२पासून लागू झालेल्या कलम १९४-आरबद्दल खात्याने सांगितलं, की कंपनीने दिलेला मोबाइल, कपडे किंवा सौंदर्यप्रसाधनं काम झाल्यावर परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर लाभ. वर्षाला वीस हजारांवर असा लाभ गेला की दहा टक्के कर कापायचा. वस्तू ठेवून घेतली म्हणजे मोबदला मिळाला, हे कराच्या कायद्याने मान्य केलं आहे. वाचकापुढे ते मान्य करायला मग अडचण काय?

छोट्या विक्रेत्याची अडचण मात्र खरी आहे. मसाले विकणारा एखादा बचत गट ऑनलाइन उतरला, की शून्य अभिप्रायांच्या पानावरून कुणी खरेदी करत नाही, आणि खरेदी नाही म्हणून अभिप्राय नाहीत. त्यांनी नमुने जरूर वाटावेत. पाकिटात चिठ्ठी घालावी: कसं वाटलं ते लिहा, आवडलं नाही तर तेही लिहा. स्टारची संख्या त्या चिठ्ठीत येऊ नये, आणि पुढचं पाकीट लिहिण्यावर अवलंबून नसावं. एवढं पाळलं की तो प्रामाणिक व्यापार आहे.

वाचणाऱ्यानेही थोडी सवय बदलायला हवी. सरासरी आधी पाहू नका. दोन, तीन आणि चार स्टारचे अभिप्राय वाचा, कारण तिथे विकत घेण्यासारखं कुणाला काही नसतं. चार-पाच दिवसांत ढिगाने आलेली पाच स्टारची रास दिसली तर तारखा पाहा. ‘एक वर्ष झालं’ असं लिहिलेला एक अभिप्राय पहिल्या आठवड्यातल्या पन्नासांहून मोलाचा असतो. महागड्या वस्तूसाठी तर स्वतंत्र चाचण्यांकडेच जावं. अमेरिकेतली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ १९३६पासून हे काम करते. चाचणीची वस्तू ती दुकानातून पैसे देऊन आणते, कंपनीकडून नमुना घेत नाही. आपल्याकडे अहमदाबादच्या ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’ने स्वतःच्या प्रयोगशाळेत अशा तुलनात्मक चाचण्या केल्या आहेत. फसवणुकीची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही करता येते.

पण या बाजारात सगळ्यांत जास्त तुटवडा आहे तो साध्या, पैसे मोजून घेतलेल्या, दीर्घकाळ वापरलेल्या वस्तूंबद्दल लिहिणाऱ्यांचा. समाधानी माणूस लिहीत नाही, चिडलेला एकदाच लिहितो, आणि मधली सगळी जागा विकत घेतलेले अभिप्राय भरून काढतात. तुमच्या घरात सहा महिने, वर्षभर वापरात असलेला कुकर असेल, पंखा असेल, मुलाची सायकल असेल. ती कितीला घेतली, काय बिघडलं, काय टिकलं, एवढ्या चार ओळी आज लिहा.